जवानाला विचार करायला शिकवायचं कसं? (भरतीची पोरं, माजी सैनिक, घरची मंडळी, सगळ्यांनी लिहा)

राजहंसगड_पायथा
शनिवार, रात्री ९:१०

मंडळी, रामराम.

पायदळात २६ वर्षं काढून नायब सुभेदार म्हणून घरी आलो. आता रोज पहाटे साडेपाचला येळ्ळूरच्या माळावर भरतीची पोरं पळवतो. धामणे, देसूर, मच्छे, सुळगा इथली पस्तीस-चाळीस पोरं येतात. १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारणारी आहेत, दहा बीम (पुल-अप) काढून वर अजून दोन काढणारी आहेत. अंगमेहनतीत आपली पोरं कुणाला ऐकणार नाहीत, त्याची मला काळजी नाही.

गेल्या मंगळवारी पळणं झाल्यावर सगळ्यांना खाली बसवलं आणि विचारलं, "वाटेतल्या विहिरीजवळ काल नव्हतं असं आज काय होतं?" सगळे गप्प. विहिरीपाशी एक अनोळखी पिकअप उभी होती, तोंड रस्त्याकडं करून, आणि कठड्यावर रोज असणारा पाइपचा भेंडोळा नव्हता. घरी निघताना दोन पोरं बाजूला येऊन म्हणाली, "दिसलं होतं सर. पण बोलावं की नको कळलं नाही."

हे वाक्य मी आधी एकदा ऐकलंय.

उत्तरेकडच्या एका डोंगराळ भागात आमची गस्त होती. मी तेव्हा हवालदार, सेक्शन म्हणजे दहा जणांची तुकडी माझ्या हाताखाली. वाटेच्या कडेला दगडांचा बांध होता, आठवड्यातून तीनदा त्याच्या अंगानं जायचो. त्या सकाळी बांधातले दोन दगड उलटे होते, ओली बाजू वर. दगडाची ओली बाजू वर आली म्हणजे तो कुणीतरी नुकताच हलवलाय, हे शेतकऱ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही. आमच्यातल्या सगळ्यात लहान जवानाला ते दिसलं. तो गप्प राहिला. स्फोटात आमच्या एका नायकाचा पाय गुडघ्याखाली गेला. दवाखान्याच्या व्हरांड्यात तो पोरगा मला म्हणाला, "हवालदारसाब, मला वाटलं तुम्हाला दिसलंच असेल."

चूक त्याची नव्हती. पलटणीत येऊन त्याला सहा महिने झाले होते आणि तेवढ्या काळात "तुला काय दिसलं?" असं मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं.

आता हे सांगायचं कारण. २६ जुलै २०२५ ला द्रासमध्ये लष्करप्रमुख जनरल उपेंद्र द्विवेदी यांनी जाहीर केलं की पायदळाच्या पलटणींत ड्रोनच्या प्लाटून असतील, 'भैरव' नावाच्या हलक्या कमांडो बटालियन उभ्या राहतील. म्हणजे पूर्वी जे चित्र वरच्या मुख्यालयात मोठ्या अधिकाऱ्यांपुढं यायचं, ते आता नायकाच्या हातातल्या पडद्यावर येणार. चित्र दिसेल, पण त्याचा अर्थ कोण लावणार? अमेरिकेच्या मरीन कोअरचे जनरल चार्ल्स क्रुलक यांनी १९९९ मध्ये 'स्ट्रॅटेजिक कॉर्पोरल' ही कल्पना मांडली. एका गल्लीत धान्यवाटप, दुसरीत दोन गटांना अलग ठेवणं, तिसरीत लढाई, आणि तिन्हीकडं जागेवरचा निर्णय घेणारा एक कॉर्पोरल. कॉर्पोरल म्हणजे आपला नायक. दहावी-बारावी शिकलेला, आपल्याच गावचा.

आपल्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, इन्फंट्री स्कूलची ज्युनिअर लीडर्स विंग आहे, सांबऱ्याला हवाई दलाचं प्रशिक्षण आहे. घराघरात फौजी. तेव्हा हा विषय आपणच बोलायला हवा. पोरगं पलटणीत जायच्या आधी, गावात असतानाच, त्याला बघायची, ताडायची आणि बोलायची सवय लावता येईल का? तुम्ही काय केलंय, तुम्हाला काय वाटतं, ते लिहा.

हिंडलगा_कॅम्प
शनिवार, रात्री ९:५५

साहेब, जयहिंद. मी हवालदार म्हणून निवृत्त. काही वर्षं रंगरूट घडवण्याचं काम केलंय, म्हणून मनापासून विरोध नोंदवतो.

ड्रिल कशासाठी असते? गोळी चालली की डोकं बंद पडतं आणि हात चालतात, म्हणून. एलएमजी (हलकी मशीनगन) अडकली तर ती का अडकली यावर चर्चा नको, हात आपोआप कॉकिंग हँडलवर गेला पाहिजे. सेक्शनमध्ये दहा माणसं. दहाही जण मत द्यायला लागले तर अकरावा शत्रूच निर्णय घेईल. नाईक यशवंत घाडगे यांचा सेक्शन १० जुलै १९४४ ला इटलीत मशीनगनच्या माऱ्यात सापडला, सगळे पडले, ते एकटे उरले आणि एकटेच गनवर धावून गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांनी विचारांचा कुठला कोर्स केला होता?

तुमच्या त्या पोराबद्दल वाईट वाटलं. पण एका प्रसंगावरून शिस्तीचा पाया हलवू नये असं माझं मत.

चिकोडीचा_ऊस
शनिवार, रात्री १०:२०

आमच्याकडं आता उसावर फवारणी ड्रोननं होते. सुरुवातीला आवाज आला की सगळी पोरं वर बघायची. आता कुणी मान वर करत नाही. सवय झाली की कान ऐकणं सोडतात. सैन्यात ही सवय जीवावर बेतेल, एवढंच सुचलं ते लिहिलं.

टिळकवाडी_प्राध्यापक
शनिवार, रात्री ११:०५

मी मानसशास्त्र शिकवतो, फौजेत नव्हतो, त्यामुळं चुकलो तर दुरुस्त करा. हवालदारसाहेब आणि नायब सुभेदारसाहेब एकमेकांच्या विरुद्ध बोलत आहेत असं मला वाटत नाही.

गॅरी क्लाइन नावाच्या संशोधकानं १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या आगीच्या बंबांवरच्या प्रमुखांचा अभ्यास केला. जळत्या घरासमोर हा माणूस दोन-तीन पर्याय तोलत असेल, अशी अपेक्षा होती. तसं काही सापडलं नाही. अनुभवी माणूस तोलत बसतच नाही. 'हे असं असं दिसतंय' हे तो ओळखतो आणि पहिला सुचलेला उपाय मनातल्या मनात एकदा चालवून बघतो. चालेल असं वाटलं की करतो. म्हणजे गोळी चालल्यावर विचार करायला वेळ नसतो हे हवालदारसाहेबांचं म्हणणं बरोबर. पण ओळखायला आधी शेकडो प्रसंग पाहिलेले हवेत. ते शांततेतच पुरवावे लागतात. ड्रिलनं हात मोकळे होतात आणि हात मोकळे झाले की डोळ्यांना सवड मिळते. दुचाकी नवी शिकणारा गिअरकडं बघतो, सरावलेला रस्त्याकडं.

मिका एंड्सली यांनी १९९५ मध्ये परिस्थितीचं भान तीन पायऱ्यांत मांडलं: गोष्ट दिसणं, तिचा अर्थ लागणं, आणि पुढं काय होईल ते ताडणं. मूळ लेखातल्या त्या जवानाला दगड दिसला होता. अर्थही लागला होता. कदाचित पुढचंही ताडलं असेल. अडलं ते ओठांशी. पुस्तकातल्या तीन पायऱ्यांत ही चौथी नाही, पण दहा माणसांच्या सेक्शनमध्ये तीच सगळ्यात महत्त्वाची ठरते.

अमेरिकन हवाई दलातले कर्नल जॉन बॉइड यांचं चक्र पुष्कळांना माहीत असेल: बघा, जुळवून घ्या, ठरवा, करा. लोक त्यातून फक्त वेग उचलतात. बॉइड यांनी जास्तीत जास्त भर दुसऱ्या पायरीवर दिला होता. समोरचं दृश्य माणूस आपल्या संस्कारातून, अनुभवातून, आधी पाहिलेल्यातून लावतो. खानापूरच्या रानातलं पोरगं आणि शहरातलं पोरगं एकाच झाडीकडं बघून वेगवेगळ्या गोष्टी वाचतात. ही ताकद आहे, ती वापरून घ्यायला हवी.

राजहंसगड_पायथा
रविवार, सकाळी ८:३०

हवालदारसाहेब, तुम्ही विरोध केलात म्हणून बरं झालं, नाहीतर मी एकटाच बोलत बसलो असतो.

तुम्ही घाडगेंचं नाव घेतलंत, मी नामदेव जाधवांचं घेतो. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. जाधव कंपनीचे रनर, म्हणजे निरोप्या. नदीच्या पलीकडच्या बांधावर चढाई करताना त्यांची तुकडी जवळजवळ संपली. जाधवांनी दोन जखमींना एकामागून एक, खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंगाच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेलं. मग परत येऊन मशीनगनची तीन ठाणी निकालात काढली. आणि त्यानंतर जे केलं ते मला सगळ्यात मोठं वाटतं. बांधाच्या माथ्यावर चढून त्यांनी मराठ्यांची युद्धगर्जना दिली आणि मागं थांबलेल्या कंपन्यांना हातानं पुढं बोलावलं.

बघा बरं, गन बंद पाडणं हे शौर्य. पण 'आता वाट मोकळी झाली, ही वेळ आहे, आणि हे मागच्यांना माहीत नाही' हे एका शिपायाच्या ध्यानात येणं, तेही साथीदार पडलेले असताना, हा विचार आहे. निरोप पोचवणं हे त्याचं कामच होतं. कोणता निरोप, कधी, हे त्याचं त्यानं ठरवलं. वरून हुकूम द्यायला तिथं कुणी नव्हतं.

प्रशियाच्या मोल्टके यांच्या काळापासून जर्मन फौजेत जी रीत रुजली तिचं सार एवढंच: काय साधायचं आणि कशासाठी ते वरच्यानं सांगायचं, कसं ते खालच्यावर सोपवायचं. 'कशासाठी' माहीत नसलेला जवान हुकूम पाळतो, पण हुकूम जुना झाला तर त्याला कळत नाही. मी स्वतः अर्ध्या नोकरीत 'कशासाठी' सांगितलं नाही. वेळ नव्हता म्हणायचो. वेळ होता.

जांबोटीकर
रविवार, सकाळी ९:१५

काका, मी भरतीची तयारी करतोय. आमच्या घरामागनं गवे जातात. पाऊल बघून सकाळचं की रात्रीचं ते कळतं, कडा कोसळली असली तर जुनं, दव बसलेलं असलं तर रात्रीचं. हे कुणी शिकवलं नाही, आज्याबरोबर फिरून आलं.

पण एका मॉक इंटरव्यूला सरांनी हिंदीत विचारलं, "अपने गाँव के बारे में बताओ." मी चार वाक्यं बोललो आणि थांबलो. गव्याचं पाऊल हिंदीत कसं सांगायचं? मनात सगळं होतं की ओ. सर म्हणाले आत्मविश्वास कमी आहे.

निपाणीची_शिक्षिका
रविवार, सकाळी १०:४०

जांबोटीकर बाळा, तुझा आत्मविश्वास कमी नाही. तुझ्याकडं त्या गोष्टीचे त्या भाषेतले शब्द नाहीत, एवढंच. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मोठ्यांनी त्या एक करू नयेत.

मी २२ वर्षं सीमाभागात शिकवते. आमचं मूल घरी मराठी बोलतं, शाळेत कन्नड शिकतं, बाजारात दोन्ही मिसळतं, पलटणीत गेलं की हुकूम हिंदीत, आणि यंत्राच्या पुस्तिकेत इंग्रजी. चारही भाषांत त्याला 'हो' म्हणता येतं. 'मला शंका आहे' हे मात्र एकाच भाषेत म्हणता येतं, घरच्या. आणि नेमकं तेच वाक्य गस्तीवर लागतं.

अग्निवीरची लेखी परीक्षा आता मराठी आणि कन्नडसह १३ भाषांत देता येते, हे चांगलं झालं. पण परीक्षेनंतरचं आयुष्य हिंदीत आहे. म्हणून माझी सूचना: पोरांना आधी मराठीत नीट, सविस्तर वर्णन करायला लावा. काय दिसलं, किती लांब, कुठल्या बाजूला, किती वेळापूर्वीचं. मग तेच हिंदीत. पहिल्या भाषेत विचार पक्का झाला की दुसरीत न्यायला महिना पुरतो. उलट्या क्रमानं केलं तर मूल पाठ केलेली वाक्यं बोलतं आणि तेवढंच त्याला दिसायला लागतं. हे मी वर्गात वर्षानुवर्षं पाहिलंय, म्हणून ठामपणे लिहिते.

सुट्टीवर_आलोय
रविवार, दुपारी १:२०

नमस्कार. मी सेवेत आहे, तीन आठवड्यांच्या रजेवर गावी आलोय. फार लिहिता येणार नाही.

आमचे एक उस्ताद वाळूचं मॉडेल करून सगळ्यांना भोवती उभं करायचे. पहिला प्रश्न नेहमी सगळ्यात नव्या जवानाला. सीनिअरनं आधी तोंड उघडलं की बाकीचे त्याचंच म्हणणं पुढं ओढतात, असं ते सांगायचे. पहिल्या दिवशी माझे पाय कापत होते. महिन्याभरानं मी झोपताना विचार करायला लागलो, उद्या मला विचारलं तर काय सांगू. त्या विचारानंच दिवसभर डोळे उघडे राहायचे.

अजून एक. झोप. दोन रात्री नीट झोप नसली की मला नकाशावर उजवं-डावं उलटं दिसतं, आणि वाईट म्हणजे आपण ठीक आहोत असंच वाटतं. ते शेजाऱ्याला विचारूनच कळतं.

शहापूरचा_मित्र
रविवार, दुपारी १:४५

भावा अभिमान आहे तुझा! सध्या कुठं आहे पोस्टिंग? कुठली पलटण?

राजहंसगड_पायथा
रविवार, दुपारी १:५२

शहापूरच्या मित्रा, प्रेमानं विचारलंस हे कळतं, पण त्याला इथं उत्तर द्यायला लावू नकोस. आणि बाळ, तू उत्तर देऊ नकोस. रजा किती दिवसांची हेही पुसून टाक.

रशियाच्या ताब्यातल्या माकीव्कात १ जानेवारी २०२३ च्या मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात सैनिकांच्या मुक्कामावर युक्रेनची रॉकेट पडली. मेलेल्यांचा आकडा रशियाच्या संरक्षण मंत्रालयानंच ८९ दिला आणि कारण सांगितलं जवानांच्या मोबाइल वापराचं. नववर्षाच्या रात्री माणूस घरी फोन करणारच. २०१८ मध्ये पळण्याचा हिशेब ठेवणाऱ्या एका ॲपच्या नकाशावर जगभरातल्या लष्करी तळांची वाट दिसली होती, कारण जवान सकाळी पळताना ते चालू ठेवायचे. माझ्या माळावरच्या निम्म्या पोरांच्या फोनवर असलीच ॲप आहेत.

कंग्राळीची_आई
रविवार, दुपारी ३:३०

मी कधी लिहीत नाही, सगळं वाचते. वरचं वाचून हात थरथरला म्हणून लिहिते.

माझा मुलगा फौजेत आहे. मी रोज विचारते कुठं आहेस, थंडी आहे का, बर्फ पडतो का. एकदा लोकेशन पाठव म्हणून हट्ट केला होता. त्यानं नाही पाठवलं तर मी दोन दिवस रुसले. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या त्या चार दिवसांत मी एक व्हिडिओ अख्ख्या भावकीत पाठवला, विमान पाडताना दिसत होतं. नंतर भाच्यानं दाखवलं, ते मोबाइलवरच्या खेळातलं होतं. तोवर माझ्या जावेनं तो अजून वीस जणींना पाठवला होता.

आम्हाला कुणी काही सांगितलं नाही. जवानाला शिकवता तसं आम्हालाही शिकवा. मी आता त्याला काय विचारू?

निपाणीची_शिक्षिका
रविवार, दुपारी ४:०५

ताई, "जेवलास का" आणि "झोप झाली का" विचारा. जागा, हवा, सोबत कोण, परत कधी, हे नको. त्याला तुमचा आवाज हवा असतो, तो या दोन प्रश्नांतही पोचतो. आणि कुठलाही व्हिडिओ आला की पुढं पाठवण्याआधी रात्रभर ठेवा. सकाळी बहुतेक वेळा खरं-खोटं बाहेर आलेलं असतं.

नंदगडकर
रविवार, सायंकाळी ६:१०

कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे सेनानी संगोळ्ळी रायण्णा, त्यांना इंग्रजांनी आमच्या गावी २६ जानेवारी १८३१ ला वडाला फाशी दिली. इंग्रजांच्या फौजेला ते रानात सापडले नव्हते, आपल्यातल्याच माणसांच्या फितुरीनं सापडले. लहानपणी त्या वडाखाली आजी ही गोष्ट सांगायची, मराठी आमची आणि कन्नड शेजाऱ्यांची पोरं एकत्र ऐकायचो. कंग्राळीच्या ताईंचं वाचून तीच आठवली. फितुरीला आता माणूसही लागत नाही, खिशातला फोन पुरतो.

टिळकवाडी_प्राध्यापक
रविवार, रात्री ८:००

माळावर करण्यासारख्या दोन गोष्टी सुचवतो. खर्च शून्य.

प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून नकाशावरचा युद्धखेळ आला, रायस्विट्झ नावाच्या अधिकाऱ्यानं तो पक्का केला. त्यातली खुबी अशी की मध्ये एक पंच असतो आणि प्रत्येक बाजूला तिच्या माणसांना जेवढं दिसेल तेवढंच सांगतो. येळ्ळूरच्या शिवाराचा नकाशा जमिनीवर खडूनं काढा, ऊस, विहीर, ओढा, गडाची वाट. एका गटाला ओढा ओलांडायचाय, दुसऱ्याला अडवायचंय. पाच मिनिटांत ठरवा आणि का ते सांगा. उत्तरापेक्षा 'का' ला गुण द्या.

दुसरी क्लाइन यांचीच युक्ती. बेत ठरला की सगळ्यांना सांगा, "धरून चला, हा बेत साफ फसला. का फसला ते प्रत्येकानं लिहा." एरवी शंका काढणारा भित्रा ठरतो. इथं शंका काढणं हेच काम असतं, त्यामुळं गप्प पोरंही लिहितात.

हिंडलगा_कॅम्प
सोमवार, सकाळी ७:२०

रात्री बराच वेळ विचार केला. प्राध्यापकसाहेबांचं हात मोकळे, डोळे मोकळे हे पटलं. माझ्याच हाताखालून गेलेले जवान आठवले, जे आधी चुकायचे आणि नंतर उत्तम सेक्शन कमांडर झाले. त्यांना मी प्रश्न विचारले होते, बाकीच्यांना नाही.

पण माझी एक अडचण अजून उरते. कधी बोलायचं आणि कधी गप्प राहायचं हे पोराला कसं कळणार? ते नीट ठरलं नाही तर गोंधळ माजेल आणि गोंधळात माणसं मरतात. साहेब, याचं उत्तर द्या.

राजहंसगड_पायथा
सोमवार, रात्री ९:४०

हवालदारसाहेब, याच प्रश्नावर मी त्या प्रसंगानंतरची उरलेली नोकरी काढली. मला जे जमलं ते सांगतो.

निघण्याआधी प्रत्येकजण बोलणार, आणि सगळ्यात नवा आधी. तिथं कुणी कुणाला तोडायचं नाही, मीही नाही. चालू गस्तीवर तोंडानं काही नाही, पण मूठ वर करायचा हक्क दहाही जणांना. मूठ वर गेली की सगळे थांबणार, कुणाची आहे ते न बघता. शंका खोटी निघाली तरी त्याला एक शब्द बोलायचा नाही, 'बरं केलंस' म्हणून पुढं जायचं. हे सगळ्यात अवघड, कारण थंडीत पाचव्यांदा थांबवलं की राग येतो. गोळी चालली की फक्त कमांडर बोलणार, तिथं तुमची ड्रिल. आणि परत आल्यावर, हत्यारं साफ करायच्या आधी, पुन्हा नव्यापासून सुरुवात: काय दिसलं, मी काय चुकलो. माझी चूक मी सगळ्यांसमोर सांगायला लागलो तेव्हा कुठं पोरं मोकळी झाली. त्याला चार महिने लागले.

त्या लहान जवानाचं पुढं काय झालं असं एकानं निरोपात विचारलंय. तो आज हवालदार आहे. गेल्या दिवाळीत फोन आला होता, त्याच्या सेक्शनमध्येही मुठीची पद्धत आहे म्हणाला.

या रविवारी माळावर पहिला प्रयोग केला. किम्स गेम घेतला. टॉवेलखाली पंधरा वस्तू, एक मिनिट बघायचं आणि मग लिहायचं. नंतर त्यातली एक गुपचूप काढली. जास्तीत जास्त अकरा आल्या, सगळ्यात कमी चार. चारवाला पोरगा पळण्यात पहिला असतो. तो दुपारी घरी आला आणि म्हणाला, "सर, अजून एकदा घ्या." संध्याकाळपर्यंत नऊवर गेला.

पुढच्या रविवारी पळणं लवकर आटोपून साडेसहाला खडूचा नकाशा काढतो. जांबोटीकर, तू आदल्या दिवशी येऊन आमच्याकडं राहा, गव्याच्या पावलाचं तू शिकवायचंस, आधी मराठीत, मग हिंदीत. शिक्षिकाबाई, जमलं तर या. फोन सगळ्यांनी घरी ठेवायचे.

हिंडलगा_कॅम्प
सोमवार, रात्री १०:०५

येतो. वाळूचं मॉडेल मी करतो, खडूवर उंची दिसत नाही. दोन घमेली बारीक वाळू आणि थोडा चुना तेवढा आणून ठेवा.